खेकड्यांच्या बेटावरची खाणफेरी : एका खतवालीचा अभिप्राय

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच, आधी ही सेवा कसली ते सांगते. ख्रिसमस आयलंडवर अर्ध्या दिवसाची एक गाडीफेरी मिळते, फॉस्फेट खाणीच्या इतिहासाची. पर्थहून आपली जी मंडळी तिकडे जातात ती लाल खेकडे बघतात, समुद्रात तोंड बुडवून मासे बघतात आणि परत येतात. या फेरीचं कुणी नावही काढत नाही. आमच्या गाडीतही आम्ही घरची तिघं आणि एक वयस्कर ऑस्ट्रेलियन जोडपं, बस्स.

मी गेले, कारण धंदाच तो. तासगावला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. मिस्टर गेल्यापासून दुकान मीच बघत आले. आता पुतण्या हाताशी आला म्हणून मुलाकडे पर्थला राहायची सवड मिळते. सगळं आयुष्य सुपर फॉस्फेट आणि डीएपी या फॉस्फेटच्या खतांची पोती मोजण्यात गेलं. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर डीएपीसाठी दुकानापुढे गर्दी होते, वरून येणारा माल लिंकिंगशिवाय, म्हणजे सोबत नको असलेला माल गळ्यात मारून घेतल्याशिवाय, मिळत नाही, आणि त्यापायी शेतकऱ्याच्या शिव्या दुकानदाराने खायच्या. इतकं सगळं ज्याच्यासाठी, ते फॉस्फेट जमिनीतून निघताना कसं दिसतं हे मात्र कधी पाहिलं नव्हतं. सूनबाई म्हणाली, "आई, खेकडे आम्ही बघतो. तुम्हाला तुमच्या मालाचं माहेर दाखवते."

तिकीट काढताना एक ध्यानात ठेवा. या नावाची बेटं दोन आहेत. एक पॅसिफिकमध्ये, किरिबाती देशाचं. आपलं हे हिंदी महासागरातलं, ऑस्ट्रेलियाच्या अमलाखालचं, जावाच्या दक्षिणेला साडेतीनशे किलोमीटरवर. पर्थहून अंतर २,६०० किलोमीटर आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियापेक्षा इंडोनेशियाला कितीतरी जवळ. धावपट्टी वर पठारावर आहे. ढग खाली आले की विमान उतरू शकत नाही, तसंच माघारी फिरतं. परतीच्या तारखेला चिकटून कुठलंही महत्त्वाचं काम ठेवू नका.

गाडी चालवणारे आणि माहिती सांगणारे काका एकच. मलय, साठी उलटलेली. त्यांचे वडील खाणीत होते, ते स्वतःही १९८७ पर्यंत खाणीच्या ट्रकवर होते. पाठ केलेलं भाषण नाही, हीच या फेरीची खरी किंमत. ट्रक कुठल्या वळणावर घसरायचा, पगाराच्या दिवशी कोण कुठे बसायचं, असलं सगळं येतं बोलण्यात. इंग्रजी त्यांचं थोडं वेगळ्या वळणाचं आहे, पण माझंही तसंच. आमचं छान जमलं.

सुरुवात फ्लाइंग फिश कोव्ह या लहानशा आखातापासून होते. बेटाला सगळीकडून कडे आहेत, जहाज लागेल अशी जागा जवळजवळ हीच. काकांनी गाडी धक्क्यासमोर लावली आणि पहिल्यापासून सुरू केलं. विल्यम मायनर्स नावाचा कप्तान १६४३ च्या नाताळात इथून गेला, म्हणून हे नाव. पण त्यानंतर अडीचशे वर्षांत इथे घर करून राहायला कुणी आलं नाही. माणसं आली ती दगडामुळे. चॅलेंजर जहाजाच्या मोठ्या सागरी मोहिमेतले निसर्गशास्त्रज्ञ जॉन मरे यांच्या हाती बेटावरचा दगड पडला. तपासला तर जवळजवळ शुद्ध चुन्याचं फॉस्फेट! १८८८ च्या जूनमध्ये ब्रिटनने बेटावर झेंडा लावला. १८९१ ला मरे आणि कोकोस बेटांचे मालक जॉर्ज क्लुनीज-रॉस यांना मिळून भाडेपट्टा मिळाला, १८९७ ला कंपनी निघाली, १९०० पासून माल बाहेर जायला लागला. पुढे या बेटाचं भाडं, रॉयल्टी आणि कर मिळून सरकारी तिजोरीत इतकं जमा झालं की चॅलेंजर मोहिमेचा सगळा खर्च त्यातून निघून वर उरला. मरे शास्त्रज्ञ खरे, पण दुकानदारी पक्की होती.

माल चढवायची जागा अजून तीच आहे. समुद्रावर पुढे आलेले दोन लोखंडी हात, त्यांवरून पट्ट्याने भुकटी थेट जहाजाच्या पोटात जाते. आम्ही गेलो तेव्हा भराई चालू होती. हवेत बारीक पिवळट धूळ, आणि तिथून हाकेच्या अंतरावर पोरं पाण्यात डुंबताहेत. ऑस्ट्रेलियन बाईंनी नाकाला रुमाल लावला. मला काही वाटलं नाही, गोदामात जन्म गेला. काका म्हणाले, पावसाळ्यात लाटा मोठ्या असल्या की जहाज बांधता येत नाही. मग खताचं जहाजही थांबतं आणि किराण्याचंही.

वर चढताना ड्रमसाइट लागतं. पूर्वी खाणीचा माल रेल्वेने इथवर यायचा आणि इथून उतारावरून खाली कोव्हला. मध्ये मोठा ड्रम, त्याला तारेचा दोर. भरलेले डबे आपल्या वजनाने उतरायचे आणि रिकामे वर ओढून घ्यायचे, इंजिनाचा खर्च नाही. त्या ड्रमवरून वस्तीचं नाव पडलं. मला ही जागा सगळ्यात आवडली. काकांनाही आवडते हे कळत होतं, कारण इथे ते गाडीतून उतरून हातवारे करत बोलले.

वस्त्या बघताना त्यांचा आवाज जरा उतरतो. खाली समुद्राकाठी गोऱ्या साहेबांची सेटलमेंट, शेजारी मलय लोकांचं कांपोंग म्हणजे वाडी, चढावर पून सान नि ड्रमसाइटला चिनी कामगार. नकाशाच जातवार. मजूर सिंगापूरमार्गे चीन आणि मलायाहून करारावर आणलेले, बंदोबस्ताला शीख पोलीस. पहिल्या काही वर्षांत चिनी मजूर बेरीबेरीने शेकड्यांनी मेले. दिवसभर दगड फोडायचा आणि खायला पॉलिशचा पांढरा तांदूळ, भाजी नाही, कडधान्य नाही. पायांना सूज, मग हृदय बंद. कोंड्यात जे जीवनसत्त्व असतं तेच काढून टाकलेलं.

इथेच तो कापलेला तारा. या मजुरांच्या कबरी बेटावर आहेत आणि फेरीच्या माहितीपत्रकातही आहेत. पण आमची गाडी तिथे थांबली नाही. "वेळ कमी आहे," म्हणून काकांनी चालत्या गाडीतून हात केला. वेळ कमी का, तर टाय जिन हाऊस या जुन्या सरकारी बंगल्याजवळच्या ६ इंची तोफेपाशी आम्ही भरपूर रेंगाळलो होतो. तोफ बघायला ऑस्ट्रेलियन काका भारी उत्सुक. तोफ नीट रंगवून ठेवली आहे, फोटो चांगले येतात. पण या तोफेने बेट काही वाचवलं नाही, आणि बेट उभं केलं ते त्या कबरींमधल्या लोकांनी. फेरी चालवणाऱ्यांना मी हे उतरताना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बघू म्हणाले.

तोफेची गोष्ट मात्र आपल्याला ऐकण्यासारखी आहे. युद्धात इथल्या तोफेवर मोजके ब्रिटिश आणि त्यांच्या हाताखाली पंजाबी सैनिक होते. १९४२ च्या मार्चमध्ये या हिंदी सैनिकांनी बंड केलं, आपल्या ब्रिटिश कॅप्टनला आणि आणखी चौघांना मारलं, उरलेल्या गोऱ्यांना कोंडून घातलं. ३१ मार्चला जपानी आयते उतरले. युद्धानंतर सिंगापुरात खटला चालला. पाच जणांना फाशी सुनावली गेली, पण ती अमलात येण्याआधीच भारत आणि पाकिस्तान स्वतंत्र झाले. दोन्ही नव्या सरकारांनी रदबदली केल्यावर फाशीची जन्मठेप झाली. फाळणीनंतर लगेच दोन्ही देश एका बाजूने बोलले, असं फार ठिकाणी सापडणार नाही. काकांनी हे सांगताना आरशातून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बोला की, मला राग नाही. जपान्यांनाही फॉस्फेटच हवं होतं. पण १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचं एक जहाज अमेरिकन पाणबुडीने कोव्हमध्येच बुडवलं, आणि त्यानंतर त्यांची खाण काही धड चालली नाही.

युद्धानंतर खाणीचा धंदा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सरकारांनी विकत घेतला आणि कारभार ब्रिटिश फॉस्फेट कमिशन या सरकारी मंडळाकडे दिला. १९५८ ला बेटच सिंगापूरच्या वहिवाटीतून काढून ऑस्ट्रेलियाला दिलं, त्यापोटी सिंगापूरला २९ लाख पौंड. का एवढा आटापिटा? पर्थला राहणाऱ्यांनी हे ऐकाच. पश्चिम ऑस्ट्रेलियाची जमीन फॉस्फरसच्या बाबतीत दरिद्री आहे. तिथली गव्हाची मोठमोठी रानं आणि मेंढ्यांची कुरणं उभी राहिली ती अशा बेटांवरून आलेल्या दगडाच्या सुपर फॉस्फेटवर. चपातीसाठी तुम्ही पर्थच्या दुकानातून जे पीठ आणता त्यामागे हे आहे.

त्याच कमिशनकडे पॅसिफिकमधली नाउरू आणि बनाबा ही बेटंही होती. फेरीत त्यांचं नाव येऊन जातं, तेवढ्याने भागत नाही म्हणून मी थोडं सांगते. सिडनीच्या एका कचेरीत दार अडवायला ठेवलेला दगड आल्बर्ट एलिस या तरुणाने तपासला, तो निघाला फॉस्फेट. १९०० मध्ये त्याने बनाबावाल्यांशी करार केला: वर्षाला ५० पौंड, मुदत ९९९ वर्षं! आमच्याकडे कूळकायद्यातही असला कागद कुणी पाहिला नसेल. १९४५ ला बनाबाची माणसं उचलून फिजीच्या राबी बेटावर नेऊन ठेवली आणि खाण १९७९ पर्यंत चालली. नाउरू १९६८ ला स्वतंत्र झालं, खाण स्वतः चालवायला घेतली, काही वर्षं पैसा धो धो आला. १९८९ ला त्यांनी ऑस्ट्रेलियाला हेगच्या न्यायालयात खेचलं, उकरून ठेवलेल्या जमिनीच्या भरपाईसाठी. १९९३ ला १० कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. आणि याच नाउरूचा पैसा आपल्याकडेही आला होता. ओडिशातलं पारादीप फॉस्फेट्स १९८१ ला भारत सरकार आणि नाउरू यांच्या भागीदारीतच निघालं. नाउरू १९९३ ला बाहेर पडलं. २०२२ पासून गोव्याचा झुआरीनगरचा कारखानाही पारादीपकडे आहे. म्हणजे आमच्या दुकानात त्या कारखान्याच्या जय किसान छापाचं पोतं येतं, त्याच्या खानदानात कुठेतरी हे वीस-एकवीस चौरस किलोमीटरचं बेट बसलेलं आहे. मुलाला सांगितलं तर म्हणाला, आई, हे तू फेरीत काकांना सांगायला हवं होतंस. सांगितलंच होतं. काकांनी गाडी थांबवून पुन्हा विचारलं.

परत ख्रिसमस आयलंडवर. १९७५ ला इथे कामगारांची युनियन झाली. गॉर्डन बेनेट नावाचा इंग्रज पुढे तिचा पुढारी झाला. आशियाई कामगारांना गोऱ्यांच्या बरोबरीने पगार आणि वागणूक मिळावी म्हणून तो लढला, आणि चिनी-मलय माणसं त्याला ताय को सेंग म्हणून थोरल्या भावाचा मान देत. काका आजही त्याचं नाव घेताना 'मिस्टर' लावतात. मग १९८७ च्या डिसेंबरात सरकारने खाणच बंद केली. घरंच्या घरं बेट सोडून गेली. उरलेल्यांनी काय करावं? नोकरी सुटताना मिळालेले पैसे एकत्र केले, कंपनी काढली, सरकारमागे लागून भाडेपट्टा मिळवला, आणि नव्वदीच्या सुरुवातीला खाण पुन्हा चालू केली. आमच्या सांगलीकडे शेतकऱ्यांनी शेअर काढून साखर कारखाने उभे केले, तसलाच प्रकार. फरक एवढाच की इथे अजून कुणी आमदार झालेला दिसला नाही.

आता मुख्य गोष्ट, खाण. चालू खाणीत आत नेत नाहीत, ते योग्यच. पण जुनी उकरलेली रानं रस्त्याच्या कडेलाच आहेत, तिथे उतरवतात. मी एवढ्यासाठी आले होते. वरचं जंगल काढलेलं, माती आणि फॉस्फेट खरवडून नेलेलं, आणि मागे उरलेत राखाडी चुनखडीचे सुळके. काही कमरेएवढे, काही माणसाच्या दुप्पट उंच. एकेकाळी या सुळक्यांच्या फटींमध्ये माल भरलेला होता. युगानुयुगे समुद्रपक्ष्यांची विष्ठा चुनखडीत मुरली आणि त्यातून फॉस्फेट झालं, असं साधारण सांगतात. मी पायाशी पडलेला थोडा माल उचलला, काकांनी हो म्हटल्यावर. खडा तपकिरी, हलका. चिमटीत चुरगळला तर मऊसूत भुकटी बोटांच्या रेघांत जाऊन बसली. वास काही नाही. पाणी टाकून चोळलं, विरघळायचं नाव नाही, नुसता चिखल.

तेच तर त्याचं गुपित आहे. या दगडातलं फॉस्फेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून पिकाला लगेच मिळत नाही. गंधकाच्या तेजाबाची प्रक्रिया केली की सुपर फॉस्फेट होतं, ते मुळांना लागू पडतं. पण जमीन आम्लधर्मी असेल तर प्रक्रियेची गरज नाही. दगड दळून तसाच टाकला तरी जमिनीतलं आम्ल सावकाश काम करतं. म्हणून इथला माल आता मुख्यतः मलेशिया आणि इंडोनेशियाच्या पाम तेलाच्या मळ्यांना जातो. आपल्याकडे सेंद्रिय म्हणून रॉक फॉस्फेटच्या पुड्या विकतात. कोकणच्या लाल जमिनीला ते चालेल. तासगाव-मिरजेच्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकाल तर पैसे मातीत, आणि तेही न विरघळता. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल पण मी हे दुकानात तोंडावर सांगत आले.

ऑस्ट्रेलियन बाईंनी विचारलं, हे सुळके पुन्हा झाकता येतील का. काकांनी पलीकडे दाखवलं. खाणीकडून टनामागे पैसे घेतात, त्यातून माती पसरून झाडं लावतात. लावलेली झाडं आमच्या डोक्यावर गेलेली होती, खाली सावली होती, पण मूळच्या जंगलातल्या झाडापुढे अजून पोरंच. अ‍ॅबट्स बूबी नावाचा एक पक्षी जगात फक्त याच बेटावर घरटी करतो, तीही उंच झाडांवर, आणि चांगला माल नेमका अशाच झाडांखाली. त्यावरून बराच झगडा झाला. १९८० पासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे, आता बेटाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग त्यात आहे. काका या प्रश्नावर दोन्हीकडून बोलतात. पक्षी राहायला हवा, आणि नातवाला नोकरीही. मला ते खोटं वाटलं नाही. खत विकून पोट भरणारीने वर तोंड करून काय बोलायचं?

आता व्यवहाराचं. गाडी जुनी, एसी मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. पुढची जागा आधीच सांगून ठेवा. चढउतार फारसा नाही, पण सुळक्यांच्या रानात चपला नकोत, बूट हवेत. धार लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी तिथे गाडीजवळ उभं राहून बघितलं तरी दिसतं. स्वच्छतागृह कोव्हला आहे, नंतर बराच वेळ नाही. पाण्याची बाटली देतात, खाणं देत नाहीत. फेरीनंतर काकांनी सांगितलेल्या ठिकाणी आम्ही रोटी चनाय खाल्ली, गरम, पदर सुटलेली, सोबत डाळीची आमटी. शाकाहाऱ्यांची सोय तेवढ्यावर होते. बाकी ताजी भाजी विमानाने येते आणि भाव ऐकून जेवण गोड लागत नाही. थेपले, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी पर्थहून बांधून न्या, पण ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम आधी बघा.

कुणी घ्यावी ही फेरी? शेतीशी, खताशी, कारखान्याशी ज्याचा कधी संबंध आला असेल त्याने डोळे झाकून घ्यावी. शाळकरी मुलं तोफेनंतर कंटाळतील. त्यांना खेकडेच दाखवा. खेकड्यांचा मोठा लोंढा पहिल्या पावसानंतर, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरात, चंद्राच्या हिशोबाने निघतो. तेव्हा निम्मे रस्ते बंद असतात आणि खाणफेरीचा मार्ग बदलतो, दक्षिण टोकाकडची जुनी देवळं आणि रेल्वेचे अवशेष सुटू शकतात. त्यामुळे दोन्ही हवं असेल तर खाणफेरी पहिल्याच दिवशी उरका. आणि बुकिंग करताना कबरींपाशी थांबणार का, हे स्पष्ट विचारा. चार जणांनी विचारलं तर थांबतील.